पंचमांशाची राजधानी

पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्या मंडळींना तंजावरात आधी तलवार बघायची असते. व्यंकोजीराजे शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ, 1676च्या सुमारास त्यांनी इथे गादी मांडली, तेव्हा वाड्यात ढाल-तलवारींचा पसारा असणारच, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना कुंभकोणमहून येताना वाटेत पापनाशमला उतरवून घेतो. माझं गाव म्हणून थोडं कौतुक आहेच. पण पंचवीसेक किलोमीटरवरची राजधानी कशावर जगली, ते इथे नीट दिसतं.

पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं भाताचं कोठार आहे. रुंदी 86 फूट, उंची 36 फूट, आत 3000 कलम भात मावेल एवढी जागा. कलम हे इकडचं धान्याचं माप. पाहुणे कोठाराकडे पाठ करून मंदिराचे फोटो काढतात. त्यांना वळवावं लागतं. नायक, मराठे, कंपनी सरकार, तिघांचीही चूल कावेरीच्या भातावर पेटली. 1781मध्ये हैदरअलीच्या फौजा या खोऱ्यात शिरल्या, शिवारं ओस पडली, आणि दरबाराचं कंबरडं मोडलं. तलवार कितीही धारदार असली तरी रिकाम्या कोठारापुढे तिचं काही चालत नाही.

दुसरे सरफोजी 1798मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या पदरी राहिलं काय? किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. मराठ्यांचं तंजावर म्हणून आज आपण ज्याच्यासाठी तिकीट काढतो, त्यातलं बरंचसं या पाचव्या हिश्शातून उभं राहिलंय. राज्य गेलं आणि राजधानी भरली. हे सांगितलं की मंडळी जरा हिरमुसतात. लढाई हरलेला राजा परवडतो, पण पेन्शनीत पुस्तकं गोळा करणारा राजा आपल्याला कुठे ठेवावा कळत नाही.

म्हणून सरस्वती महालात मी वेळ हात राखून देत नाही. ग्रंथालय सरफोजींच्या आधीचं, पण त्याला आजचं रूप त्यांनी दिलं. युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर त्यांची इंग्रजी सही आहे. माणसाचे चेहरे प्राण्यांच्या तोंडवळ्याशी ताडून पाहणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रुनची चित्रं तिथे मांडली आहेत. पोरं त्यात लगेच आपापले मास्तर शोधतात. मला स्वतःला ओढ आहे ती नेत्ररोग्यांच्या कागदांची. रोग्याची हकिकत, केलेला उपचार आणि सोबत त्या आजारी डोळ्याचं रंगवलेलं चित्र: बुबुळावरची सायसुद्धा चित्रकाराने सोडलेली नाही. हा राजा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रस घेत होता. शिवाय वाड्यात त्याने देवनागरी छापखाना घातला, आणि त्यातून 1806मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत बाहेर पडल्या. मुंबई-पुण्यात मराठी छपाईने मूळ धरण्याआधीची ही गोष्ट.

(सांबाराचं विचारणारा एक तरी असतोच. संभाजीराजांच्या नावाची ती कथा चविष्ट आहे, पण समकालीन कागदाचा आधार मला तरी कुठे दिसलेला नाही. मग जेवायला जाऊ.)

बृहदीश्वराच्या देवळात सगळे विमानाकडे माना वर करून पाहतात, ते योग्यच. राजराज चोळाने 1010मध्ये पुरं केलेलं काम आहे ते. मी मात्र आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी नेतो. भोसले घराण्याचा अख्खा इतिहास तिथे दगडावर मराठीत कोरला आहे. मजकूर बाबूराव चिटणिसांचा, साल 1803. अक्षर बाळबोध. पाहुण्यांतली शाळकरी मुलंसुद्धा बोट फिरवत शब्द लावतात, आणि शेजारून प्रदक्षिणा घालणारी तमिळ मंडळी थांबून ऐकतात. तारीख लक्षात घ्या: तहाला चार वर्षं झालेली होती. कारभार हातातून गेल्यावर राजाने आपली वंशावळ चोळांच्या दगडावर चढवली. पराक्रम म्हणा, अगतिकता म्हणा. मी त्याला हक्काची नोंद म्हणतो.

ही नोंद कंपनीने मानली नाही. सरफोजींचे चिरंजीव दुसरे शिवाजी 1855मध्ये वारले, मुलगा नव्हता, आणि संस्थान खालसा झालं. पुढे सरकारने राजांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, मद्रासला जिंकल्या, आणि 1859मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात हरल्या. सार्वभौम सत्तेने सत्ता म्हणून केलेल्या कृत्याची चौकशी कोर्टाला करता येत नाही, असा तो निकाल. जमावात वकील असला तर इथे तो पुढे येतो, कारण खटल्याचं नाव त्याने कॉलेजात पाठ केलेलं असतं. ती फिर्यादी बाई या वाड्यातली, भोसल्यांची सून, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.