वसूल करायचं काही नाही

तिकीट काढून आत गेलं की माणसाची चाल बदलते. पहिलं दालन, दुसरं दालन, मग वरचा मजला. एकही चुकवायचं नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात माझं दर वेळी असंच होतं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, मस्तानी महाल. डोळे समोरच्या वस्तूवर आणि मन पुढच्या कपाटावर. दिनकर केळकरांनी खेड्यापाड्यांत हिंडून एकेक वस्तू जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. तिथंही आपण दिलेले पैसे वसूल करत फिरतो. यात संग्रहालयाचा काही दोष नाही. खिशातून गेलेली नोटच आपल्याला पुढे रेटत असते.

जिथं तिकीट नाही, तिथं ही घाई आपोआप गळते. एका वस्तूपाशी अर्धा तास उभं राहिलं आणि बाकीचं न बघता बाहेर पडलं, तरी काही बुडत नाही. म्हणून एक अख्खा दिवस अशाच ठिकाणांना द्यायचा, असं मी बरेच दिवस मनात घोळवत होते. आत्याला म्हटलं, तू पण चल. आत्या जन्मभर तळेगावात राहिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. भाजीवाल्यानं कोथिंबीर तशीच पिशवीत टाकली तरी तिला संशय येतो.

"फुकट सोडतात तिथं बघण्यासारखं काय ठेवलेलं असणार गं?" असं म्हणत तिनं पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या भरल्या.

सुरुवात घराजवळूनच केली. सोमाटणे फाटा ओलांडून पुण्याच्या दिशेनं निघालं की घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. पायऱ्या चढून गेलं की कोरीव लेणी. याला संग्रहालय कोणी म्हणत नाही, पण संग्रहालयाला जे जे लागतं ते सगळं इथं आहे. फक्त छत आणि वस्तू एकाच दगडातले. सुमारे 2000 वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी कोरलेल्या खोल्यांपैकी मोठ्या लेण्यात आता महादेव आहे. महाशिवरात्रीला डोंगरावर मुंगी शिरायला जागा नसते. एरवी सकाळी चालायला येणारे निवृत्त लोक, खाली महामार्गाची घरघर आणि मधूनच रुळांवरून सरकत जाणारी लोकल.

इथल्या एका ब्राह्मी लेखात हे लेणं कोणी दिलं ते कोरून ठेवलंय. धेनुकाकट नावाच्या गावचा उसभणक, नांगर धरणारा शेतकरी. दान त्याचं नाही, त्याच्या बायकोचं आहे. तिचं नाव सिअगुतणिका. सोबत मुलगा नंद. मावळातली लेणी म्हटली की आपल्याला कार्ल्याचा चैत्य आठवतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं त्या लेण्याला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणवून घेतलंय. इथं तसा तोरा नाही. एका शेतकरणीनं वाटेवरच्या माणसांसाठी डोंगरात खोली कोरून दिली आणि घरच्या माणसांची नावं लिहून ठेवली. त्या खोलीत आत्या पाय लांब करून बसली. गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाली, "हिनं किती वर्षं पैसे साठवले असतील?" लेखात ते नाही. पण शेतीवर चालणाऱ्या घरात शिल्लक कशी जमते, हे आत्याला कोणी सांगायला नको होतं.

खाली उतरून लोकल पकडली. देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी करत शिवाजीनगर. तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टाला बदलून येरवड्याकडे आणि शेवटी रिक्षानं डेक्कन कॉलेज. झाडीत उभी असलेली ती दगडी, टोकदार कमानींची इमारत बघून आत्या म्हणाली, "इथं आपल्याला आत घेतील?" इमारतीचा पाया 1864 मध्ये घातला गेला आणि बांधकामाला सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी होती. संस्थेचं मूळ मात्र त्याहून जुनं. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, ती पेशव्यांच्या दक्षिणेसाठी ठेवलेल्या निधीतून. ब्राह्मणांना वाटायच्या पैशातून निघालेल्या शाळेच्या वारसदार कॉलेजला पुढे एका पारशी धनिकानं घर बांधायला मदत केली. टिळक आणि आगरकर याच कॉलेजात शिकले.

इथल्या पुरातत्त्वाच्या दालनात मला एकच गोष्ट बघायची होती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी, तिथली पांढरीची टेकाडं उकरली. खाली सुमारे 3000 वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, पाणी वळवायला काढलेला पाट. आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं.

मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून आडवं ठेवत. मोठ्या माणसाला उताणं निजवत आणि पुरण्याआधी त्याची पावलं घोट्यापासून तोडत. गेलेला उठून चालत दूर जाऊ नये, घरातच राहावा म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचं, फुगीर पोटाचं मातीचं रांजण सापडलं. आत एक माणूस मांडी दुमडून बसवलेला होता. त्याची पावलं शाबूत होती. घर मोठं, पुरण्याची तऱ्हा वेगळी, पाय न तोडण्याचा मान. म्हणून तो गावाचा प्रमुख असावा असं मानतात.

आम्ही तिथं बराच वेळ उभ्या होतो. मागं कोणी ढकलणारं नव्हतं. आत्यानं आधी त्या माणसाचे गुडघे पाहिले. "एवढे दुमडून बसवलंय बिचाऱ्याला," म्हणाली. मग ती मुलांच्या मडक्यांचं चित्र कुठं आहे ते शोधायला लागली. तिचं पहिलं मूल तान्हं असताना गेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. ती काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "घरातच ठेवायचे, ते बरं करायचे." एवढं एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून बाकीची सगळी कपाटं सोडून द्यावीत. दगडी हत्यारं राहिली, मराठ्यांच्या इतिहासाचं दालन राहिलं. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी जमवलेला तो संग्रह 1939 मध्ये इथं आला. तो पुढच्या खेपेला.

दशम्या खाऊन मेट्रोनं उलट फिरलो, मंडईला उतरलो आणि चालत गंज पेठेत गेलो. महात्मा फुल्यांचा वाडा म्हणताना डोळ्यांपुढे काहीतरी भव्य येतं. प्रत्यक्षात बुटक्या दारांचं साधं घर आहे. आत्यासारख्या ठेंगण्या बाईलाही चौकटीत मान लववावी लागली.

मागच्या अंगणात समाधी आहे. तिची हकिकत आत्यानं वर्गात शिकवली होती, पण जागा पहिल्यांदा बघत होती. जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, मला जाळू नका, मिठात घालून पुरा. त्यासाठी घरामागे खड्डाही खणवून ठेवला होता. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले, तेव्हा वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. अस्थी मात्र इथंच, त्यांनी नेमलेल्या जागी ठेवल्या.

ज्या माणसानं 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी मोकळा केला, त्याच्या घराच्या दारात तिकिटाची खिडकी असती तर मला ते खटकलं असतं. त्या काळी आपल्या हौदावर दुसऱ्याला पाणी भरू देण्याची किंमत पैशांत मोजता आली नसती. आपण आज उंबरा ओलांडतो तो सहज. आमच्यापुढे शाळेच्या मुलींची एक रांग आत शिरली. बाईंनी सांगितलं, "चपला नीट लावा." आत्यानं लगेच त्यांच्या रांगेकडे पाहून नाराजीनं मान हलवली. निवृत्त झालेल्या शिक्षिकेला दुसऱ्याची रांग कधीच सरळ दिसत नाही.

ऊन उतरता उतरता नारायण पेठेत केसरीवाड्यात पोचलो. पाय बोलायला लागले होते. टिळकांच्या वस्तू, कागदपत्रं, मंडालेच्या कैदेच्या खुणा. यातलंही आम्ही एकच नीट पाहिलं: काचेआडचा एक जुना झेंडा. 22 ऑगस्ट 1907 ला जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवाद्यांच्या परिषदेत मादाम कामांनी फडकवला तो. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो इंग्रजांच्या नजरेआड हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्यात विसावला.

आत्या झेंडा बघता बघता काच बघायला लागली. टिळकांचं नाव तिच्यासाठी आधी काचेशी जोडलेलं आहे. तळेगाव स्टेशनजवळचा काच कारखाना पैसा फंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचे. टिळकांनी ती उचलून धरली. 1908 मध्ये कारखाना सुरू झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जाऊन काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवलं गेलं. तिकडे ते पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होते, इकडे तळेगावात भट्टी पेटलेली होती. या कारखान्यात शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी देशात ठिकठिकाणी काचेची कामं केली.

"आपल्याकडे लोणच्याची बरणी होती ना, ती तिथलीच," आत्या म्हणाली. "बाबा म्हणायचे, यात आपला एक पैसा आहे." मग थोडं थांबून, "म्हणजे हे फुकट नाहीच की. आधीच कोणीतरी भरलंय."

मी दिवसभर जे जुळवत होते ते तिनं दोन वाक्यांत संपवलं. सिअगुतणिकेनं भरलं, दक्षिणेच्या निधीनं भरलं, जमशेटजींनी भरलं, जोतीरावांनी लोकांचा राग सोसून भरलं, आणि वर्षाला एक पैसा देणाऱ्या अगणित लोकांनी भरलं. त्या पैसेवाल्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत. त्यांनी भरून ठेवलं म्हणून आपण आत पाहुण्यासारखे जाऊ शकतो. पाहुण्यानं यजमानाचं घर मोजत फिरायचं नसतं. पुढ्यात आलं ते नीट बघावं, दोन शब्द बोलावेत, उठावं.

पाहुण्याकडून एक अपेक्षा मात्र असते, ती म्हणजे त्यानं यावं. फुकटच्या जागांचा मोठा शत्रू चोर नाही, शुकशुकाट आहे. कधीही जाता येईल म्हणून आपण कधीच जात नाही. माणसं येईनाशी झाली की दिवे एकेक करून बंद होतात, मग खोल्यांना कुलपं लागतात, आणि शेवटी त्या कुलपांचंही कोणाला काही वाटत नाही.

म्हणून सांगते, मावळातून निघायचं तर सकाळची लोकल धरा. आठवड्यातला साधा दिवस निवडा, वेळा आधी विचारून घ्या, सोबत घरातलं एखादं वयस्कर माणूस न्या. त्यांना बसायला लागतं, आणि त्यांच्यामुळे आपल्यालाही बसावं लागतं. चारही ठिकाणं एका दमात उरकायचा हट्ट धरू नका. एका ठिकाणी मन रमलं तर तिथंच संध्याकाळ होऊ द्या. राहिलेलं राहू द्या, पैसे बुडत नाहीत.