संध्याकाळची गर्दी आणि आतला माणूस

परवा रात्री खानावळ बंद करून घरी आलो आणि मोबाइलवर एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. 'डिनर रश', २००० सालचा. न्यूयॉर्कमधलं एक इटालियन हॉटेल आणि तिथली एक संध्याकाळ, एवढाच सिनेमा. एकटा हीरो असा कोणी नाही. मालक, स्वयंपाकी, वेटर, गिऱ्हाईक, सगळ्यांची थोडी थोडी गोष्ट.

दिग्दर्शक बॉब गिराल्डी. मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'चा व्हिडिओ यानंच केला होता. हा स्वतः हॉटेलवाला, शूटिंगही स्वतःच्याच हॉटेलात केलेलं. म्हणून त्यातलं किचन खोटं वाटत नाही. जाळ, घाम, ऑर्डरची आरडाओरड... आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं.

म्हातारा मालक लुईस आणि त्याचा शेफ पोरगा उडो. पोरानं हॉटेल गाजवलं, पण तो प्लेटमध्ये नक्षी काढतो. बापाला पाहिजे जुनं साधं जेवण. ते त्याला कोण करून देतो? हाताखालचा डंकन, जो स्वतः जुगाराच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय. तिथली एक वेटर पोरगी चित्रकार आहे. तिची चित्रं त्याच भिंतीवर लागलीत आणि खाली बसलेला गॅलरीवाला तिचा पाणउतारा करतोय. बाहेर टेबलवर हसणंखिदळणं चालूय. आत कोणाच्या मनात काय चाललंय, जेवणाऱ्यांना पत्ता नाही.

इथं मी मोबाइल बाजूला ठेवला. मला आमचा महाराज आठवला.

माझी खानावळ मेहकरात. वडिलांनी सुरू केली, आता मी गल्ल्यावर. चार माणसं कामाला. महाराज म्हणजे आमचा स्वयंपाकी, अकरा वर्षं होता. त्याच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक वाट वाकडी करून यायचे. तीन वर्षांपूर्वी, बाजाराचा दिवस, संध्याकाळी सातचा सुमार. बाहेर माणसं उभी. तो हात पुसत गल्ल्यापाशी आला.

"भाऊ, आज जरा लवकर जाऊ देता का? पोरीले ताप हाये."

मी नोटा मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, "गर्दी सरू दे, मंग जाय."

गर्दी अकराला सरली. तोवर तो काही बोलला नाही, एकही भाजी खारट झाली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, रात्रीच पोरीला दवाखान्यात भरती करावं लागलं. डेंग्यू. पोरगी वाचली, देवाची कृपा. पण दिवाळीला गावी गेलेला महाराज परत आला नाही. पुण्याला काम धरलं म्हणतात. मी फोन केला नाही. काय बोलणार होतो?

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना. आहे. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला. त्यात दिवसाच्या कामाच्या तासांची मर्यादा आणि आठवड्याला एक सुट्टी लिहिली आहे. पण कुठे? जिथं कायद्यानं ठरवलेल्या संख्येएवढे किंवा जास्त कामगार आहेत तिथं. त्या संख्येच्या आतल्यांनी फक्त आपल्या धंद्याची माहिती कळवायची. आता आपल्या जिल्ह्यात बस स्टँडासमोरच्या, बाजारातल्या, रस्त्यावरच्या किती खानावळींत एवढी माणसं असतात, तुम्हीच मोजा. म्हणजे सुट्टी द्यायची की नाही, हे शेवटी गल्ल्यावर बसलेल्या माझ्यासारख्यावर. आणि गल्ल्यावरच्या माणसाला गर्दी दिसते, माणूस दिसत नाही.

माझा पोरगा म्हणतो, "बाबा, मेनूत पास्ता ठेवू, पोरंपोरी येतील." ठेवू. पण त्याला म्हटलं, आधी दुसरं काम. या महिन्यापासून प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी, आळीपाळीनं. त्यासाठी एक माणूस जास्तीचा ठेवलाय. म्हणून थाळी दहा रुपयांनी महाग होणार.

कुरकुर होईल, माहीत आहे. कोणी समोरच्या हॉटेलात जाईल. जा. पण जिथं जाल तिथं जेवण झाल्यावर आत डोकावून एकदा विचारा, "दादा, सुट्टी कधी असते?"

काय उत्तर मिळालं, ते मला खाली सांगा.