व्होल्टाच्या गावाला

प्रोजेक्टसाठी मिलानला येऊन सात महिने झाले होते आणि मी अजून कोमोला गेलो नव्हतो. टीममधल्या इटालियन मंडळींना हे म्हणजे पुण्यात राहून सिंहगड न बघितल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे कोमो म्हटलं की लोकांना दीपिका-रणवीरचं 2018 सालचं लग्न आठवतं. ते झालं लेन्नोच्या एका व्हिलामध्ये. तळं तेच, पण कोमो गावापासून बरंच वर. असो.

तर ऑक्टोबरातला एक शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अजून दोन वर्षं थांबशील का? सोमवारी सांग." पैसे चांगले, काम चांगलं. घरी साताऱ्याजवळच्या आमच्या गावात बाबा एकटे. आई जाऊन दीड वर्ष झालं. विचार करायचा म्हणजे रूमवर बसून छताकडे बघायचं, हे काही मला जमत नाही. सकाळी उठलो आणि कादोर्नाहून गाडी पकडली. तासाभरात गाडी थेट तळ्याच्या काठावरच्या स्टेशनात शिरते.

तळं उलट्या 'वाय'सारखं आहे. हिमनदीने कोरलेलं, खोली 400 मीटरपेक्षा जास्त. वायच्या डाव्या पायाच्या टोकाला कोमो आणि उजव्या पायाच्या टोकाला लेक्को. गंमत अशी की आद्दा नदी उत्तरेकडून तळ्यात येते आणि बाहेर पडते ती फक्त लेक्कोकडून. कोमोच्या बाजूला पाण्याला वाटच नाही, डेड एंड! त्यामुळे आल्प्समध्ये जोराचा पाऊस झाला की पाणी चढतं आणि कोमोच्या मुख्य चौकात येऊन बसतं. त्यावर उपाय म्हणून 2008 मध्ये काठावर पूररोधक बांधकाम सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी लोकांच्या लक्षात आलं, की यातल्या भिंतीमुळे तळंच दिसेनासं होणार. बोंबाबोंब झाली, काम रखडलं, आणि पुढे कित्येक वर्षं काठाला कुंपणं पडून राहिली. तळ्याच्या गावात लोकांना तळं बघायला मिळेना. हे वाचताना मला आमचाच प्रोजेक्ट आठवला. युजरला काय हवंय हे डिलिव्हरीच्या वेळी कळणं ही काही फक्त आयटीची मक्तेदारी नाही :)

आतलं जुनं गाव चालत बघण्यासारखं. गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात, कारण मूळ आखणी रोमन आहे. इ.स.पू. 59 मध्ये ज्युलियस सीझरने इथे वसाहत वसवली. पुढे शेजारच्या मिलानशी वाकडं आलं. 1118 ते 1127 असं दहा वर्षं युद्ध चाललं आणि शेवटी मिलानने कोमो जमीनदोस्त केलं. मग 1158 मध्ये सम्राट बार्बारोसाने ते पुन्हा उभारायला मदत केली, आणि चारच वर्षांनी त्याने मिलान पाडलं तेव्हा कोमोवाल्यांनी आनंदाने हात धुऊन घेतले. आज तेच कोमोवाले रोज सकाळी लोकलने मिलानला नोकरीला जातात.

कॅथेड्रलचं काम 1396 मध्ये सुरू झालं आणि घुमट पुरा व्हायला अठरावं शतक उजाडलं. मधल्या काळात जागा कमी पडली म्हणून शेजारच्या, 1215 सालच्या नगरसभेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या इमारतीचा एक तुकडाच पाडून टाकला. मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो दारापाशी. मुख्य दाराच्या दोन बाजूंना दोन पुतळे बसलेत, आणि दोघंही संत नाहीत, ख्रिश्चनसुद्धा नाहीत. थोरला प्लिनी आणि त्याचा भाचा धाकटा प्लिनी. दोघंही या गावचे. थोरला इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला आणि धाकट्याने त्याची हकिगत पत्रांत लिहून ठेवली. गावचा पोरगा मोठा झाला की धर्मबिर्म बाजूला ठेवून त्याला देवळाच्या दारात बसवायचं, हे मला फारच आवडलं.

पण मी आलो होतो गावच्या तिसऱ्या पोरासाठी.

काठावरच्या बागेत घुमटाची एक पांढरी इमारत आहे, तेम्प्यो व्होल्तियानो. म्हणजे व्होल्टाचं मंदिर. आलेस्सांद्रो व्होल्टा 1745 मध्ये कोमोत जन्मला, इथल्याच शाळेत त्याने फिजिक्स शिकवलं, नंतर पावियाला प्रोफेसर झाला आणि म्हातारपणी परत इकडेच आला. 1827 मध्ये गेला. शंभर वर्षांनी एका सूत गिरणीवाल्याने स्वखर्चाने हे मंदिर बांधून गावाला दिलं. युरो येण्याआधीच्या दहा हजार लिराच्या नोटेवर पुढे व्होल्टा आणि मागे ही इमारत असायची.

आत काचेच्या कपाटांत त्याची उपकरणं. सगळी मूळची नाहीत. 1899 मध्ये बॅटरीच्या शंभरीनिमित्त गावात मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्याला आग लागली आणि त्याची बरीचशी उपकरणं जळाली. आग विजेच्या तारांमुळेच लागली असं सांगतात. उरलेली वाचवली, बाकीची पुन्हा बनवली.

तिथे उभा असताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा लाइनमन होते. अकरा केव्हीच्या लाइनी, जळालेले डीपी, पावसात डांबावर चढणं, यात तेहतीस वर्षं गेली. लोडशेडिंगच्या दिवसांत अख्खं गाव बाबांनाच शिव्या द्यायचं, जणू वीज तेच खिशात घालून बसलेत. 2009 च्या पावसाळ्यात तारेवर फांदी पडली होती ती काढताना त्यांना शॉक बसला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. त्यांचा आणि माझा फोन म्हणजे दीड मिनिट. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "जेवलो. ठेवू?" आई होती तेव्हा ती मधे बोलायची, ते आता कुणी बोलत नाही.

तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबा झोपेतून उठून बसले.

"काय रं? बरा हायस ना?"

"बरा आहे. बाबा, हे बघा. जगातली पहिली बॅटरी."

कॅमेरा फिरवला. जस्ताची चकती, तांब्याची चकती, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा जस्त, पुन्हा तांबं, अशी ही चळत. व्होल्टाने 1800 च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ही कळवली. त्याआधी गॅल्व्हानीशी वाद झाला होता. मेलेल्या बेडकाचा पाय उडतो तो बेडकाच्या अंगातल्या विजेने, असं गॅल्व्हानीचं म्हणणं. व्होल्टा म्हणाला, छे, दोन वेगळे धातू आणि ओल, एवढं पुरे. दोन धातू जिभेला लावूनही त्याने बघितलं होतं.

"आम्ही बी सेल जिभेला लावून बघायचो," बाबा म्हणाले. "चुरचुरतं. किती व्होल्टेज याचं?"

"एका जोडीचं पाऊण-एक व्होल्ट. जितक्या जोड्या तितकं वाढतं."

"सिरीजमधी. बरोबर." मग थोडं थांबून, "पण वरच्या चकत्यांच्या वजनानं पुठ्ठ्यातलं पाणी पिळून निघत आसंल. मग?"

चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि उत्तर शेजारच्याच कपाटात होतं. व्होल्टालाही तीच अडचण आली होती. म्हणून त्याने दुसरी रचना केली. मिठाच्या पाण्याचे पेले गोलात मांडायचे आणि धातूच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे. त्याला तो पेल्यांचा मुकुट म्हणायचा. ते दाखवल्यावर बाबा इतके हसले, की गार्ड माझ्याकडे बघायला लागला.

एकोणीस मिनिटं बोललो. फोनवर तसा आकडा मी आधी कधी बघितला नव्हता. शेवटी बाबा म्हणाले, "अजून किती दिवस हाईस तिकडं?" मी म्हटलं, बघू.

मग फ्युनिक्युलरने वर ब्रुनातेला गेलो. 1894 पासून चालू आहे ती. वरून सगळं गाव दिसतं, घुमट, बंदर, आणि त्या बंदराच्या धक्क्यावर 2015 मध्ये लिबेस्किंडने व्होल्टासाठी उभारलेलं चकचकीत स्टीलचं शिल्प. शिल्प मला काही फारसं झेपलं नाही. खाली 1927 मध्ये व्होल्टाच्या स्मरणार्थ जगभरचे फिजिक्सवाले जमले होते आणि नील्स बोरने त्याची कॉम्प्लिमेंटॅरिटीची कल्पना पहिल्यांदा इथे मांडली. आपल्याकडून मेघनाद साहा आणि देवेंद्रमोहन बोस आले होते. बोटीने इतके दिवस प्रवास करून! हे वाचून थोडी लाज वाटली. मला एक तासाची लोकल पकडायला सात महिने लागले.

परतीच्या गाडीत मोबाइलवर मेल उघडला आणि 'हो' असं लिहून ठेवलं, पाठवलं नाही. तेवढ्यात बाबांचा व्हॉइस मेसेज आला. "त्ये जस्त झिजत आसंल ना रं? मग चकत्या बदलायला लागत आसतील." बरोबर होतं, जस्तच खर्च होतं. मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी आधी दोन वर्षांचं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "दोन जास्त हाईत. येक करता येतंय का बघ."

सोमवारी एक वर्षाचं विचारलं. मॅनेजर म्हणाला, वरती बोलून कळवतो.