दगड शिकून काय होतं?

"धाकटी काय शिकते?" असं कुणी विचारलं की नर्सिंग, इंजिनीअरिंग, बँकेची परीक्षा ही उत्तरं लगेच पटतात. "गाळाचे खडक आणि स्तरविज्ञान" असं सांगितलं की मात्र पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दगड शिकून काय होतं?

आम्ही मूळचे विट्याकडचे. खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, त्यातलंच आमचं एक. पप्पा चेन्नईत सौकारपेटला जुनं सोनं गाळून शुद्ध करतात. मी कंटेंट लिहिते. धाकटी बहीण इथेच भूशास्त्रात एम.एस्सी. करते. पप्पांचा तिला प्रश्न एकच होता, "त्या दगडात सोनं हाय का?"

सोनं नाही, पण समुद्र आहे. चेन्नईहून तिरुचीच्या रेल्वेने निघालं की चार-साडेचार तासांत अरियलूर येतं. आज तिथून समुद्र बराच लांब आहे, पण साधारण 11 कोटी वर्षांपूर्वी तो या भागात शिरला आणि काही कोटी वर्षं पुढे-मागे होत राहिला. त्याच्या तळाशी गाळ, वाळू, शंख-शिंपले थरावर थर साचले आणि त्यांचाच खडक झाला. कारै गावाजवळ पावसाने चिरलेल्या मातकट टेकड्या आहेत. तिथल्या चिकणमातीत समुद्री जीवांचे अवशेष मिळतात. सात्तनूरला सुमारे 18 मीटर लांबीचं झाडाचं खोड दगड होऊन पडलंय. 1860च्या दशकात हेन्री ब्लॅनफर्डने या थरांचे तीन गट पाडले: उट्टत्तूर, तिरुचिरापल्ली आणि अरियलूर. ही नावं अजून शिकवली जातात. अरियलूरच्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडकही याच समुद्राची देणगी.

गंमत म्हणजे अरियलूरचे वरचे थर साचत होते, त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. गावाकडचा काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

हे सगळं ऐकायला घरात सगळ्यांना आवडायचं. पण कॉलेजची दहा दिवसांची क्षेत्रभेट ठरली आणि वातावरण बदललं. "पोरीच्या जातीनं हातोडा घेऊन रानात हिंडायचं?" पप्पा म्हणाले. आईची काळजी वेगळी होती. ऊन, पाणी आणि सगळ्यात आधी बाथरूमची सोय. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. ती क्षेत्रभेट अभ्यासक्रमाचाच भाग होती, त्यामुळे प्रश्न दहा दिवसांचा नव्हताच. ती हे शिक्षण पुरं करणार की नाही, याचा होता.

तिसऱ्या दिवशी रात्री ती फरशीवर मोठा कागद पसरून बसली होती. आधीच्या एका दिवसाच्या भेटीतल्या नोंदींवरून ती थरांचा उभा नकाशा काढत होती. पप्पा पाणी प्यायला उठले ते तिथेच थांबले.

"हे तर हिरीसारखं हाय," ते म्हणाले.

आमचे आजोबा विहिरी खोदायचे. पप्पा बोटाने मोजायला लागले. "वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पाणी लागलं तर मांजऱ्यात."

"हेच," बहीण म्हणाली. "फक्त तुम्ही खोदता म्हणून वरून वाचता. मी आधी काय साचलं ते बघते, म्हणून खालून वाचते." थर उलथेपालथे झाले नसतील तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. निकोलस स्टेनोने 1669 मध्ये मांडलेल्या या साध्या नियमावर तिचा सगळा विषय उभा आहे.

मग पप्पांनी एका नागमोडी रेघेवर बोट ठेवलं. "इथं काय?"

"इथं काहीच नाही. खाली अतिप्राचीन खडक आहे आणि त्यावर थेट समुद्राचा गाळ. मधल्या 200 कोटींहून जास्त वर्षांचे थरच नाहीत. साचलेच नाहीत किंवा झिजून गेले."

"मग रेघ कशाला?"

"नाहीत, हेही लिहावं लागतं."

पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही घट लिहितो, तसं." सोनं गाळलं की वजन कमी भरतं. ती घट गिऱ्हाइकाला दाखवावी लागते. जो लपवतो त्याचा धंदा टिकत नाही. त्या रात्री त्यांनी परवानगी वगैरे दिली नाही. सकाळी फक्त विचारलं, "बूट कसले लागतात?"

ती जाऊन आली. रापली, हातांना घट्टे पडले. सोय कशीबशीच होती, तरी आईला तिने ते सगळं सांगितलं.

आता तिला भूजलात काम करायचंय. 2019च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा आम्ही टँकरच्या रांगेत घागरी धरल्यात. शहराच्या उत्तरेला मिंजूरकडे इतका उपसा झाला की जमिनीखालच्या वाळूच्या थरांतून समुद्राचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलं. वाळूचा थर पाणी धरतो आणि सोडतो, चिकणमातीचा थर ते अडवतो. कुठला थर किती खोल आहे आणि कुठपर्यंत जातो, हे कुणीतरी वाचायलाच हवं.

नोकरी लगेच मिळेल असं नाही. जागा कमी, अर्ज फार.

गेल्या आठवड्यात गावाहून काकांचा फोन आला. दोन बोअर कोरड्या गेल्यात, तिसरी मारायचीय. पप्पा म्हणाले, "जरा थांब. दिवाळीत पोरगी येतीय. तिनं हिरीची कड बघू दे, मग ठरवू."

हे ऐकून बहीण घाबरलीच. तिचा अभ्यास गाळाच्या खडकांचा आणि गाव सगळं लाव्ह्यावर. आता ती रोज रात्री बेसॉल्टमधल्या पाण्यावर वाचत बसते. परवा तिने पप्पांना जवळ बसवलं, वही उघडली आणि विचारलं, "आजोबांच्या विहिरीला मांजऱ्या किती हातांवर लागला होता?"