मोर कुठवर उडेल?

मी मुलांसाठी जादूच्या कादंबऱ्या लिहिते. त्यातही मला मनापासून आवडते ती रोजच्या घरात, ओळखीच्या गल्लीत शिरणारी जादू. ई. नेस्बिटची 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' ही कादंबरी १९०२ सालची. तिच्यातल्या मुलांना इच्छा पुरवणारा एक तुसडा प्राणी सापडतो. ती संपत्ती मागतात आणि खडीची खाण सोन्याच्या मोहरांनी भरून जाते. पण दुकानदार ती जुनी नाणी घ्यायला नाखूश, प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं आणि सूर्य मावळला की सोनं गायब! जादूची खरी गंमत बाजारात गेल्यावरच सुरू होते, हे मी नेस्बिटकडून शिकले.

सोलापुरात तर हे शिकायला पुस्तकही लागू नये. संक्रांतीच्या सुमारास आमचं अख्खं गाव ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाला जातं. संमती कट्ट्यावर अक्षता टाकायच्या आणि मग गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसायचं. इथल्या पोरांना यात काही वेगळं वाटत नाही.

सध्याची माझी गोष्ट शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागावर घडते. चादरीवरची नक्षी जेकार्डवर उठते. पुठ्ठ्यांच्या माळेत जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. माझी नायिका एका पुठ्ठ्याला टोच्याने एक जादा भोक पाडते आणि चादरीवरचा मोर उडून जातो. एवढीच जादू. बाकी सगळं जसंच्या तसं हवं: कापसाची तूस, खटखटाट, जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी खोटी वाटली तर मोरही खोटा वाटतो.

मोर उडतो ते प्रकरण मुलांना वाचून दाखवलं तेव्हा मागवाल्यांच्या घरातली एक मुलगी म्हणाली, "लाईट गेल्यावर माग बंद पडतंय की ओ बाई, मग मोर कसं उडतंय?" केवढा नेमका प्रश्न! मोठ्यांनी जादू म्हणून सोडून दिलं असतं. त्या दिवसापासून नियम पक्का झाला: वीज गेली की मोर असेल तिथे थबकतो, मग तो शेजाऱ्यांच्या पत्र्यावर का असेना, आणि वीज येईपर्यंत त्याला लपवायची जबाबदारी पोरांची. त्या एका नियमातून पुढची तीन प्रकरणं आपसूक सुचली.

आता मोर गड्ड्यावर पोचलाय. तिथे जनरेटर आहेत, म्हणजे तो थबकणारच नाही. त्याला घरी कसं आणायचं, हे त्याच मुलीला विचारणार आहे.