पाठ सांभाळून वजन उतरवताना

‘वजन उतरवा’ आणि ‘पाठीला जपा’ हे दोन सल्ले डॉक्टर एका दमात देतात; पण दोन्ही एकाच वेळी पाळायचे कसे, हे बाईनं आपलं आपणच शोधायचं असतं. वजनासाठी भरभर चाला, उड्या मारा म्हणतात, आणि कंबर धरलेली असली की वाकायचीही चोरी!

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भरलेली घागर उचलताना माझ्या कमरेत चमक भरली. कळ थेट पोटरीपर्यंत उतरली. सोलापूरला तपासणी झाली. मणक्यांमधली चकती सरकून शिरेवर दाब आला होता. ऑपरेशनची मात्र गरज नव्हती. तेव्हा माझं वजन ६८ किलो होतं. घरी बसून महिन्याभरात ते ७० झालं. शाळेतले तास बंद, म्हणजे तेवढे पैसेही बंद. पण खरी टोचणी वेगळीच होती. माझ्या वाट्याची घागर माझ्या दहा वर्षांच्या लेकीच्या कमरेवर आली होती.

आमच्या जळकोटात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव. ते लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, अशी त्यांची पद्धत. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. शेजारच्या वहिनींना ती छान मानवली. मला मात्र पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं आणि दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या. मग मी माझ्यापुरता वेगळा हिशेब मांडला.

चालता येत नसलं तरी स्वयंपाकघर हातात होतं! आमच्या चौघांना महिन्याला चार किलो तेल लागायचं. ते मी अडीच किलोवर आणलं. एका लहान चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. दाण्याचं कूट तर आपल्याकडे प्रत्येक भाजीत. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत जवळजवळ १७० कॅलरी! कूट बंद नाही केलं, पण मुठीऐवजी चमच्यानं घालू लागले. चहा चार वेळचा दोन वेळा केला आणि साखर अर्धी. ज्वारीची भाकरी सोडली नाही. तीनऐवजी दोन, आणि ताटात पालेभाजी, वरण, ताक जास्त. वेळअमावस्येला शेतात भज्जी आणि आंबील मनसोक्त खाल्ली. रात्री फक्त ताक घेतलं.

पूर्वी अशा दुखण्यात महिनामहिना फळीवर निजवत. आता डॉक्टर म्हणतात, एकदोन दिवसांपलीकडे पडून राहू नका. मी अंगणात पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा, अशी सुरुवात केली. दिवाळीपर्यंत एका दमात पंचवीस मिनिटं चालू लागले. व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले तेवढेच केले. भाजी निवडायला खाली न बसता टेबलाशी बसले.

सासूबाई आधी कुरकुरल्या. “आमच्या काळी बायका दोन-दोन घागरी आणायच्या गं!” म्हणाल्या. मी म्हटलं, “खरंय आई, पण तुमची कंबरही दुखतेच की.” त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ह्यांना हाक मारली, “अरे, पाण्याचं तू बघ.” आता पाणी हे आणि मुलगा भरतात. लेक संध्याकाळी पुन्हा खोखो खेळायला जाते.

वर्षभरात वजन ७० वरून ६३ वर आलं. त्यामुळेच चकती बरी झाली असं मी म्हणणार नाही. असली बरीच दुखणी काही आठवड्यांत, महिन्यांत आपसूकही निवतात. पण जिना चढताना धाप लागत नाही आणि शाळेत तास घेताना पाऊण तास उभी राहते, एवढं खरं.

मैत्रिणींनो, एक मात्र लक्षात ठेवा. पायातली ताकद जायला लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सणवार, पाहुणे काही बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागचं घरातली माणसं बघून घेतील.