संपादनाचा रकाना

पुस्तकाच्या हिशेबात कागद, छपाई, बांधणी आणि मुखपृष्ठ यांच्या जोडीला संपादनाचाही वेगळा रकाना हवा, असं मी आता ठामपणे म्हणते. गिरगावात माझ्याबरोबर काम केलेल्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. संपादकानं पैशांत लक्ष घालू नये, हे मत तिथे सगळ्यांत आग्रहानं मीच मांडत असे. आमचं प्रकाशनगृह एका मोठ्या कंपनीकडे गेलं आणि टेबलं लोअर परळच्या काचेच्या इमारतीत हलली, तेव्हा मराठी पुस्तकाचं आता काही खरं नाही, असं मी चारचौघांत बोलले होते. आज मी तसं बोलणार नाही.

आमची जडणघडणच वेगळी होती. गिरगावातल्या खटाववाडीत 'मौज' प्रकाशन होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेसाठी लेखकाशी किती पत्रव्यवहार करतात, पुन्हा पुन्हा लिहून घेतात, हे आम्ही इतर घरांतली मंडळी ऐकत होतो आणि आपापल्या परीनं तसं वागू पाहत होतो. मौजेचं 'सत्यकथा' मासिक 1982 मध्ये बंद झालं. त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. गिरणगाव आणि गिरगाव दोन्हीकडे काहीतरी कायमचं संपतंय, असं तेव्हा वाटायचं. त्यामुळे जे उरलंय ते जसंच्या तसं जपायचं, हाच आमचा धर्म झाला.

संपादनाचं काम तेव्हा कसं असायचं, याचं एकच उदाहरण देते. लालबागच्या एका लेखकाची कादंबरी माझ्याकडे आली होती. नायक गिरणीत दुसऱ्या पाळीला, म्हणजे दुपारी आत जाऊन मध्यरात्री सुटणारा. आणि चौथ्या प्रकरणात हाच माणूस संध्याकाळी चाळीच्या गणपतीसमोर आरतीला उभा! मी समासात एवढंच लिहिलं, 'हा आत्ता खात्यात असायला हवा ना?' लेखकानं बाड परत नेलं. पावसाळा गेला. नवं प्रकरण आलं, त्यात आरतीला बायको एकटीच उभी होती आणि शेजारणी तिच्या नवऱ्याचा प्रसाद बाजूला काढून ठेवत होत्या. तो साच्यावर आहे हे कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. आरती, भोंगा, रोजची चुकामूक, सगळी कादंबरी त्या एका जागेवरून नव्यानं उभी राहिली. छापायला जाईपर्यंत लेखकानं पहिली तीन प्रकरणंही बदलली होती.

या कामाची नोंद आमच्या कुठल्याही वहीत नव्हती. मला महिन्याचा पगार मिळे, पुस्तकाच्या खर्चात मात्र संपादन शून्य. त्या शून्याचा आम्हाला अभिमान होता. नवीन व्यवस्थापनानं खर्चाचा तक्ता मांडला तेव्हा कापायला सर्वांत सोपी गोष्ट हीच निघाली, कारण ती तक्त्यात नव्हतीच. महिन्याला किती पुस्तकं, एवढाच आकडा ठरला. ज्या कामाला किती दिवस लागतात हे आपण कधी कागदावर आणलं नाही, त्यासाठी वेळ कुणाकडे मागणार?

पण माझं मत फिरलं ते एका करारामुळे. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी श्राव्य पुस्तकांना एकदम मागणी आली. कंपनीच्या वकिलांनी आमच्या जुन्या पुस्तकांचे करार मागितले. कपाटातून निघाली ती पोस्टकार्डं. 'आपण म्हणाल ते मान्य' अशा अर्थाची, खूप प्रेमाची. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, मानधन किंवा रॉयल्टी त्यात लिहावी लागते आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. 2012 च्या दुरुस्तीनं तर आणखी स्पष्ट केलं की, करार झाला तेव्हा जे माध्यम व्यवहारात नव्हतं आणि ज्याचा करारात उल्लेखही नाही, त्याचे हक्क दिले गेले असं मानता येत नाही. म्हणजे या हक्कांतलं बरंच काही लेखकांचं, त्यांच्या घरच्यांचं होतं. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

परळच्या एका चाळीत, एका दिवंगत लेखकाच्या पत्नीकडे मी नवा करार घेऊन गेले. पुढे सहा महिन्यांनी तिच्या हातात पहिलं विवरण आलं. छापील, ई-बुक, श्राव्य असे तीन रकाने. रक्कम लहानच होती. ती बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, म्हणजे हे पुस्तक अजून लोक घेतात?" आम्ही दिवाळीला तिच्याकडे फराळ पाठवत होतो, नवऱ्याच्या स्मृतिदिनाला जात होतो. पण पुस्तक किती खपलं, हे विचारण्याची सोय त्या आपुलकीत तिला नव्हती. स्नेह होता म्हणूनच विचारणं अवघड होतं. त्या कागदानं तिला जे दिलं, ते देणं आमच्या घराचं कर्तव्य होतं असं मी आता मानते.

हिशेबानं साहित्य मरतं, हेही खरं नाही. 'ग्रंथाली' 1975 मध्ये सुरू झाली तीच वाचकांकडून आगाऊ पैसे जमवून, किंमत खाली आणून. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' तिथूनच आलं. आकडेमोड उघड होती आणि पुस्तकं धाडसी होती.

मात्र नुसत्या हिशेबावर विसंबता येत नाही. ॲमेझॉननं 2016 मध्ये वेस्टलँड हे इंग्रजी प्रकाशनगृह घेतलं आणि 2022 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. उत्तम यादी असलेलं प्रकाशन एका निर्णयात थांबलं. त्यातल्या माणसांनी प्रतिलिपी या ऑनलाइन साहित्य-मंचाच्या आधारानं पुन्हा काम उभं केलं, हा भाग वेगळा. दूर बसलेल्या मालकाला पुस्तक दिसत नाही, तक्ता दिसतो. तर मग जे जपायचं ते तक्त्यात दिसलंच पाहिजे.

म्हणून मी कंपनीला लेखी मागणी केली. प्रत्येक पुस्तकाच्या अंदाजपत्रकात संपादनाचे दिवस आणि त्यांचं मोल, आणि श्रेयनामावलीच्या पानावर संपादकाचं नाव. कादंबरी आणि आत्मकथनासाठी हे मान्य झालं आहे. अनुवादांसाठी नाही. अनुवाद 'तयार मजकूर' असतो, असं उत्तर आलं. खरं तर आज सगळ्यांत घाईनं छापले जातात ते अनुवादच. ओळीमागे ओळ मुळाशी लावून पाहण्याचं, वाक्य मराठीत नीट बसवण्याचं काम तिथे सगळ्यांत जास्त असतं. पुढच्या बैठकीत मी नुकत्याच निघालेल्या आमच्याच एका अनुवादाची वीस पानं, मूळ मजकुरासह, खुणा करून त्यांच्यापुढे ठेवणार आहे.